शास्त्रप्रामाण्य आणि बिशप कोलेन्सो

धर्मग्रंथ ईश्वरप्रेरित आहे असें म्हणणें सोपें आहे. त्या म्हणण्याचा नेमका अर्थ सांगणें कठीण आहे. ग्रंथांतील अक्षरन् अक्षर ईश्वरानें उच्चारलेलें मानावयाचें, कीं ईश्वराचा शोध घेणाऱ्या माणसांनीं आपापल्या काळच्या समजुतीप्रमाणें तें लिहिलें असें मानावयाचें, हा प्रश्न केवळ पंडितांच्या फावल्या वेळचा आहे असें वरवर पाहणारास वाटतें. परंतु ज्या समाजांत शास्त्रवचनाच्या आधारानें लग्नें ठरतात व मोडतात, माणसें बहिष्कृत होतात किंवा गुलामगिरीचें समर्थन केलें जातें, त्या समाजांत शास्त्राचा अर्थ कोणीं व कोणत्या रीतीनें लावावा हा प्रश्न भाकरीच्या प्रश्नाइतकाच रोजचा असतो. आमच्याकडे मीमांसकांनीं वेद अपौरुषेय मानिले, नैयायिकांनीं ते ईश्वरकृत ठरविले; त्या वादाची ओळख आमच्या वाचकांस आहेच. ख्रिस्ती जगांत असाच वाद एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कोणत्या थरास गेला आणि त्याच्या पोटीं न्यायाचा केवढा प्रश्न दडलेला होता, हें ज्यांच्या चरित्रावरून उत्तम कळतें ते नाताळचे पहिले बिशप जॉन विल्यम कोलेन्सो होत. त्यांचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों, तें ख्रिस्ती धर्माचें मंडन किंवा खंडन करण्याकरितां नव्हे. तर ज्यास आपण पूज्य मानतों त्याची तपासणी प्रामाणिक माणसानें कशी करावी, आणि तशी केल्यास त्याची किंमत काय पडते, हें दिसावें म्हणून.

कोलेन्सो यांचा जन्म २४ जानेवारी १८१४ रोजीं इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोंकास कॉर्नवॉल परगण्यांतील सेंट ऑस्टेल या गांवीं झाला. वडिलांचा पैसा कथलाच्या खाणींत गुंतला होता. समुद्राचें पाणी खाणींत शिरलें आणि घरची पुंजी बुडाली. त्यामुळें मुलास कोंवळ्या वयांतच एका शाळेंत दुय्यम मास्तरकी करावी लागली. पुढें १८३२ सालीं गरीब विद्यार्थ्यांस मिळणाऱ्या सवलतीवर ते केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजांत दाखल झाले आणि चार वर्षांनीं गणिताच्या परीक्षेंत दुसरे रँग्लर म्हणून उत्तीर्ण झाले. रँग्लर ही पदवी आमच्या वाचकांस रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्यामुळें घरची झालेली आहे. परांजपे यांनीं १८९९ सालीं ज्या कॉलेजांतून पहिल्या रँग्लरचा मान मिळविला, तेंच हें कॉलेज. कॉलेजनें कोलेन्सो यांस फेलो नेमिलें. पुढें ते हॅरोच्या प्रसिद्ध शाळेंत गणित शिकविण्यास गेले; तेथें त्यांच्या ताब्यांतील विद्यार्थिगृह आगींत जळालें आणि डोक्यावर मोठें कर्ज झालें. तें कर्ज कसें फिटलें हें आमच्या व्यापारी वाचकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. १८४१ सालीं बीजगणित व १८४३ सालीं अंकगणित अशीं दोन पाठ्यपुस्तकें त्यांनीं प्रसिद्ध केलीं. तीं इंग्लंडांतील शाळांतून सर्वत्र चाललीं, आणि त्यांच्या उत्पन्नांतून व हक्कविक्रींतून कोलेन्सो ऋणमुक्त झाले. ज्या माणसानें पुढें धर्मग्रंथांतील आकडे तपासले, त्यानें आपल्या जमाखर्चाचे आकडे आधीं चोख केले होते.

१८४६ सालीं ते नॉर्फोक परगण्यांतील एका खेड्याचे धर्मोपदेशक झाले व त्याच वर्षीं सारा फ्रान्सेस बन्यन या विदुषीशीं त्यांचा विवाह झाला. या बाईंमुळें फ्रेडरिक डेनिसन मॉरिस या उदारमतवादी धर्मपंडितांशीं त्यांचा स्नेह जडला. पुढें केप टाउनचे बिशप रॉबर्ट ग्रे हे आपल्या अवाढव्य धर्मप्रांताचे भाग पाडून नव्या बिशपांच्या शोधांत असतां त्यांनीं कोलेन्सो यांची निवड केली आणि १८५३ च्या अखेरीस त्यांस नाताळच्या बिशपपदाची दीक्षा मिळाली. ज्यांनीं हा हिरा हेरून आणिला, तेच ग्रे दहा वर्षांनीं त्यांस पदच्युत करण्यास निघाले, हा या चरित्रांतील दैवदुर्विलास होय.

नाताळ ही दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील इंग्रजी वसाहत. १८६० सालापासून तेथील उसाच्या मळ्यांवर हिंदी मजूर करारानें जाऊं लागले, आणि १८९३ सालीं याच वसाहतीच्या राजधानींत, पीटरमॅरिट्सबर्गच्या स्टेशनावर, गांधीजींस रात्रीं गाडींतून उतरवून देण्यांत आलें. त्या राजधानीजवळच कोलेन्सो यांनीं १८५५ सालीं बिऱ्हाड केलें. आपल्या ठाण्यास त्यांनीं झूलू भाषेंत एकुखान्येनी, म्हणजे प्रकाशाचें स्थान, असें नांव दिलें. तेथें शाळा काढली, छापखाना घातला आणि झूलू मुलांस खिळे जुळविण्यास शिकविलें. झूलू भाषेचें व्याकरण त्यांनीं रचिलें, १८६१ सालीं कोश छापिला, आणि संपूर्ण नवा करार व जुन्या करारांतील कित्येक पुस्तकें त्या भाषेंत उतरविलीं. १८५९ सालीं झूलू राजा म्पांडे यांच्या भेटीस ते गेले, तेव्हां बरोबरच्या झूलू मंडळींकडून प्रवासाची हकीकत त्यांच्याच भाषेंत लिहवून घेऊन ती छापून काढली. याच छापखान्यांत तयार झालेले मागेमा फुझे यांनीं पुढें आपल्या लोकांचा इतिहास लिहिला. १९२२ सालीं निघालेला तो ग्रंथ झूलू माणसानें झूलू भाषेंत लिहिलेलें पहिलें पुस्तक म्हणून ओळखला जातो. लोकांनीं बिशपांस सोबांतु, म्हणजे जनांचा पिता, असें नांव दिलें. परक्या राज्याबरोबर आलेल्या धर्मगुरूस जित लोकांनीं असें नांव द्यावें, हें इतिहासांत क्वचितच घडलें आहे.

शास्त्रार्थाचा प्रश्न त्यांच्यापुढें प्रथम उभा राहिला तो पुस्तकांतून नव्हे, संसारांतून. ज्या झूलू गृहस्थाच्या घरीं तीन-चार बायका आहेत त्यानें ख्रिस्ती व्हावयाचें तर एक ठेवून बाकीच्या टाकल्या पाहिजेत, असा मिशनऱ्यांचा सर्वसाधारण दंडक होता. कोलेन्सो एकपत्नीत्वच श्रेष्ठ मानीत. परंतु धर्मांतरापूर्वीं रीतसर झालेलीं लग्नें मोडून निरपराध स्त्रियांस व लेंकरांस वाऱ्यावर सोडणें हें कोणत्या शास्त्राचें फळ, असा त्यांचा सवाल होता. कारण जुन्या करारांतील पूज्य कुलपतींस अनेक बायका होत्या हें शास्त्रांतच लिहिलेलें होतें. यानंतर १८६१ सालीं त्यांनीं रोमकरांस लिहिलेल्या पत्रावर भाष्य प्रसिद्ध केलें आणि त्यांत अनंतकालीन नरकाचा सिद्धान्त नाकारला. ज्या पूर्वजांनीं ख्रिस्ताचें नांवही ऐकलें नाहीं ते सर्व कायमचे आगींत जळत आहेत, असें झूलू माणसास सांगणें म्हणजे ईश्वराच्या न्यायबुद्धीची विटंबना होय, असें त्यांचें मत बनलें होतें. केप टाउनला या भाष्यापासूनच संशयाचा धूर दिसूं लागला.

मग तो प्रसिद्ध प्रसंग आला. भाषांतराच्या कामीं विल्यम न्गिदी हे झूलू गृहस्थ त्यांचे मुख्य साहाय्यक होते. उत्पत्तीच्या पुस्तकांतील जलप्रलयाची कथा चालू असतां, जगांतील सारे पशु, पक्षी व सरपटणारे प्राणी, उष्ण देशांतले आणि थंड देशांतलेही, दोन दोन करून नोहाच्या तारवांत आले व त्या सर्वांस नोहानें चारा पुरविला, हें सारें खरोखर असेंच घडलें असें आपण मानतां काय, असा प्रश्न त्यांनीं बिशपांस सरळ विचारला. निर्गमाच्या पुस्तकांतील गुलामांविषयींच्या एका नियमाचें भाषांतर करतांनाही असाच प्रकार घडला. मालकानें मारलेला गुलाम एक-दोन दिवस जगून मग मेला तर मालकास दंड नाहीं, कारण गुलाम हा त्याचा पैसाच होय, असा तो नियम. दयाळू परमेश्वर असें बोलेल ही कल्पनाच त्या साहाय्यकास सहन होईना.

बिशपांस उत्तरें ठाऊक नव्हतीं असें नाहीं. अशा प्रश्नांस द्यावयाचीं ठराविक उत्तरें प्रत्येक पाद्र्याच्या संग्रहीं असत, आणि समोरचा मनुष्य बिशपांवर पूर्ण विश्वास टाकणारा होता. नेमकी हीच गोष्ट कोलेन्सो यांस खुपली. भूगर्भशास्त्र त्यांनीं वाचलें होतें. अखिल पृथ्वी बुडविणारा प्रलय झाला नाहीं हें ते जाणून होते. जें स्वतःस खरें वाटत नाहीं तें ईश्वराच्या नांवानें विश्वासू माणसास सांगणें म्हणजे ईश्वराच्या दारांतच खोटी साक्ष देणें होय, असें त्यांस वाटलें. दुसरा कोणी असता तर त्यानें प्रश्न विचारणारास गप्प केलें असतें. कोलेन्सो यांनीं प्रश्न आपल्या अंगावर घेतला, जर्मन पंडितांचे ग्रंथ मागविले आणि मोशेच्या नांवावर चालत आलेलीं पांच पुस्तकें मुळापासून तपासावयास बसले.

या तपासणीचें फळ म्हणजे १८६२ च्या ऑक्टोबरांत लंडनास निघालेला त्यांच्या ग्रंथाचा पहिला भाग. पुढें १८७९ पर्यंत त्याचे एकूण सात भाग झाले. पहिल्या भागाची रीत उलटतपासणीची आहे. साक्षीदाराचे आकडे त्याच्याच तोंडून घ्यावयाचे आणि ते एकमेकांशीं जुळतात कीं नाहीं तें पाहावयाचें. याकोबाच्या घराण्यांतील सत्तर माणसें मिसर देशांत गेलीं; चौथ्या पिढींत तीं बाहेर पडलीं; आणि वाळवंटांत झालेल्या गणनेंत वीस वर्षांवरील लढाऊ पुरुषच ६,०३,५५० भरले, म्हणजे बायकामुलें धरून वीस लाखांचा समुदाय. दान याचा मुलगा एकच. पण गणनेंत दानाच्या वंशाचे योद्धे ६२,७०० निघाले. सर्व वंशांतील ज्येष्ठ पुत्र मात्र अवघे २२,२७३. म्हणजे पुरुषांच्या एकंदर संख्येशीं मेळ घालावयाचा तर दर ज्येष्ठ पुत्रामागें चाळीसच्या वर मुलगे धरावे लागतात. निवासमंडपाचें आवार शंभर हात लांब व पन्नास हात रुंद. त्याच्या दारापाशीं हा सारा समुदाय जमविला असें लिहिलें आहे. एवढ्या लोकांचे यज्ञ, शुद्धिविधि व बाळंतपणांचे बळी पार पाडणारे याजक तीन : अहरोन आणि त्याचे दोन मुलगे. पेढीवरील कोणताही मुनीम असा हिशेब मालकापुढें ठेवण्यास धजणार नाहीं.

यावरून कोलेन्सो यांनीं काढलेलें अनुमान असें कीं, हीं पुस्तकें त्या घटना डोळ्यांनीं पाहिलेल्या माणसानें लिहिलेलीं नव्हत. निरनिराळ्या काळीं निरनिराळ्या हातांनीं तीं रचलीं. अनुवाद नांवाचें पुस्तक तर मोशेनंतर कित्येक शतकांनीं, योशीया राजाच्या सुमारास तयार झालें. जर्मनींतील विद्वानांनीं यांतील पुष्कळसें पूर्वीं सांगितलें होतें. पण ते पंडितांच्या भाषेंत पंडितांशीं बोलत. येथें एक पदस्थ इंग्रज बिशप अंकगणिताच्या पुस्तकासारख्या सोप्या भाषेंत बोलत होता आणि दुकानदारही तें समजूं शकत होता. धर्माधिकाऱ्यांच्या रागाचें एक मोठें कारण हेंही होतें.

ईश्वरप्रेरणेविषयीं त्यांचें स्वतःचें मत काय होतें हें येथें स्पष्ट केलें पाहिजे, कारण विरोधकांनीं त्यांस नास्तिक म्हणून रंगविलें. कोलेन्सो यांनीं बायबल टाकलें नाहीं, प्रार्थना टाकली नाहीं, बिशपपदही टाकलें नाहीं. त्यांचें म्हणणें एवढेंच कीं, बायबलांत ईश्वराचा शब्द आहे, परंतु बायबलांतील प्रत्येक शब्द ईश्वराचा नव्हे. लिहिणारीं माणसें प्रेरित होतीं. ती प्रेरणा त्यांच्या नीतीच्या व भक्तीच्या बोलांत दिसते. इतिहास, भूगोल व संख्या यांत तीं तुम्हां-आम्हांसारखींच चुकणारीं होतीं. खरें कोणतें व मानवी कोणतें हें ओळखण्यासाठीं ईश्वरानें माणसास सदसद्विवेकबुद्धि दिली आहे. आणि त्याच ईश्वराचा प्रकाश झूलूंच्या अंतःकरणांतही आहे. हें शेवटचें विधान त्या काळीं संख्यांच्या गणितापेक्षांही अधिक धाडसाचें होतें.

ग्रंथ बाहेर पडतांच गहजब उडाला. झूलूंस धर्म शिकविण्यास गेलेल्या बिशपासच झूलूनें फिरविलें, अशी वर्तमानपत्रांतून टवाळी झाली. जणूं काळ्या माणसाच्या तोंडून निघालेला प्रश्न त्याच कारणानें खोटा ठरत होता. फेब्रुवारी १८६३ मध्यें एकेचाळीस बिशपांनीं सही करून त्यांस राजीनामा देण्याची सूचना केली. कँटरबरीच्या धर्मसभेनें ग्रंथाचा निषेध केला. मॅथ्यू आर्नल्डसारख्या उदार लेखकानेंही, सामान्यांची श्रद्धा हलविणारें व विद्वानांस कांहीं नवें न देणारें पुस्तक, असा शेरा मारला. गुरुस्थानीं मानलेले मॉरिस दुरावले. मिशनास पैसा पुरविणाऱ्या संस्थांनीं हात आखडला.

नोव्हेंबर १८६३ मध्यें केप टाउन येथें ग्रे यांनीं आपल्या न्यायासनासमोर खटला चालविला. कोलेन्सो हजर राहिले नाहींत. त्यांच्या वतीनें भाषाशास्त्रज्ञ विल्हेल्म ब्लीक यांनीं त्यांची हरकत दाखल केली, ती एवढीच कीं, या कोर्टास अधिकार नाहीं. १६ डिसेंबर रोजीं ग्रे यांनीं पदच्युतीचा निकाल दिला. प्रकरण लंडनास प्रिव्ही कौन्सिलपुढें गेलें. १९४९ पर्यंत हिंदुस्थानांतील दाव्यांचें शेवटचें अपीलही तेथेंच जात असे.

याच सुमारास त्याच न्यायपीठापुढें दुसरें एक प्रकरण निकालांत निघालें होतें. १८६० सालीं सात लेखकांनीं मिळून काढलेल्या एका निबंधसंग्रहावरून दोन पाद्र्यांवर पाखंडाचा आरोप होता. बायबलाचा प्रत्येक भाग ईश्वरप्रेरणेनें लिहिला गेला असें मानण्याची सक्ती इंग्लंडच्या चर्चच्या नियमांत नाहीं, असें ठरवून फेब्रुवारी १८६४ मध्यें न्यायपीठानें त्यांस मुक्त केलें. या मुद्द्यावर दोन्ही आर्चबिशपांनीं आपला मतभेद नोंदविला, आणि सुमारें ११ हजार पाद्र्यांनीं उलट प्रतिज्ञापत्रावर सह्या केल्या. परंतु सह्यांच्या संख्येनें कायद्याचा अर्थ बदलत नाहीं, मग धर्मग्रंथाचा कोठून बदलणार?

कोलेन्सो यांच्या प्रकरणाचा निकाल २० मार्च १८६५ रोजीं लागला, आणि तो कायद्याच्या अभ्यासकांनीं आजही वाचावा असा आहे. ज्या वसाहतीस स्वतःचें कायदेमंडळ मिळालें आहे, तेथें केवळ राजाच्या सनदेनें धर्मखात्याचें शिक्षा करणारें न्यायासन उभें करतां येत नाहीं. त्यास कायदा लागतो. शिवाय कोलेन्सो यांची सनद आधींची असून ग्रे यांस वरिष्ठ बिशप करणारी सनद पंधरा दिवसांनीं मागाहून निघाली होती. कोलेन्सो यांनीं दीक्षेच्या वेळीं ग्रे यांच्या आज्ञेंत राहण्याची शपथ घेतली होती, हा आधारही टिकला नाहीं; कारण पक्षकाराच्या संमतीनें कोर्टास नसलेला अधिकार उत्पन्न होत नाहीं. ग्रे यांचा निकाल रद्दबातल ठरला. पुढल्याच वर्षीं लॉर्ड रोमिली यांनीं कोलेन्सो यांचा अडविलेला पगारही देवविला.

येथें एक गोष्ट वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावी. प्रिव्ही कौन्सिलनें कोलेन्सो यांचें मत खरें ठरविलें नाहीं. ग्रे यांस शिक्षेचा अधिकार नव्हता, एवढेंच ठरविलें. सत्याचा निकाल कोर्टांत लागत नाहीं. परंतु सत्यशोधन करणारास जो दंडुका गप्प करूं पाहतो, तो दंडुका कोणाच्या हक्कानें उगारला आहे एवढें विचारण्याचें काम कायदा करूं शकतो, आणि तेवढ्यानेंच पुष्कळ काम होतें.

१८६५ च्या नोव्हेंबरांत कोलेन्सो नाताळास परतले. ग्रे यांनीं त्यांस बहिष्कृत केलें आणि १८६९ सालीं त्याच प्रदेशासाठीं दुसरा बिशप नेमिला. एका गांवांत दोन बिशप झाले. या वादाच्या धक्क्यानें जगभरच्या अँग्लिकन बिशपांची पहिली परिषद १८६७ सालीं लँबेथ येथें भरली. असो. वादाचा इतिहास येथें संपला असता तर कोलेन्सो यांचें नांव केवळ धर्मशास्त्राच्या पुस्तकांत राहिलें असतें. त्यांच्या चरित्राचा अधिक मोलाचा भाग यापुढें आहे.

१८७३ सालीं ह्लुबी लोकांचे प्रमुख लांगालिबालेले यांच्यावर सरकारचा रोष झाला. त्यांचे तरुण हिऱ्याच्या खाणींत मजुरी करून मोबदल्यांत बंदुका घेऊन परतत, आणि त्या नोंदविण्याचा हुकूम निघाला होता. प्रमुखांस राजधानीस बोलाविलें, ते भिऊन गेले नाहींत व डोंगर ओलांडून निघाले. पाठलागावर गेलेल्या गोऱ्या स्वारांपैकीं तिघे चकमकींत मेले. मग सूड सुरू झाला. सारी जमात उधळली, गुरें व जमिनी जप्त झाल्या, बायकामुलें गोऱ्यांच्या घरीं कामास वांटलीं गेलीं. प्रमुखांवर जो खटला झाला त्यांत न्यायाधीशाच्या आसनावर खुद्द गव्हर्नर पाइन बसले. आरोपीस साक्षीदारांची उलटतपासणी करणारा वकील मिळूं दिला नाहीं. शिक्षा आजन्म हद्दपारीची झाली, आणि अपील ऐकण्यास बसलें तें गव्हर्नरांचेंच कार्यकारी मंडळ. फिर्यादी, न्यायाधीश व अपीलकोर्ट एकाच घरांत नांदूं लागलीं म्हणजे न्यायास उंबऱ्याबाहेरच उभें राहावें लागतें.

देशी लोकांच्या खात्याचे सेक्रेटरी थिओफिलस शेपस्टन हे कोलेन्सो यांचे वीस वर्षांचे जिवलग मित्र. कोलेन्सो यांनीं प्रथम सरकारची हकीकत खरी मानली. मग त्यांनीं झूलू साक्षीदारांस आपल्या घरीं बसवून, त्यांच्या भाषेंत, एकेकास वेगळें विचारलें. आणि मोशेच्या पुस्तकांस लाविलेली कसोटी सरकारी कागदांस लाविली. आकडे जुळेनात, जबान्या जुळेनात. प्रमुखांनीं सरकारी दूतास नागवें करून अपमानिलें, हा मुख्य आरोपांपैकीं एक. तो दूताच्या खोट्या साक्षीवर उभा होता. दूताची झडती प्रमुखांनीं घेतली ती कां, याचेंही कारण निघालें : १८५८ सालीं मात्याना नांवाच्या प्रमुखास बोलणीं करण्याच्या निमित्तानें बोलावून दग्यानें पकडण्याचा प्रयत्न खुद्द शेपस्टन यांच्या भावानें केला होता. हें बाहेर काढण्यांत मैत्री तुटली. गोरा समाज, जो शास्त्राच्या वादांत पुष्कळसा त्यांच्या बाजूचा होता, तोही उलटला. कोलेन्सो १८७४ सालीं इंग्लंडास गेले आणि त्यांनीं वसाहतमंत्री लॉर्ड कार्नार्व्हन यांच्यापुढें सारा पुरावा मांडला. गव्हर्नर पाइन यांस परत बोलावण्यांत आलें. लांगालिबालेले यांस रॉबेन बेटावरून काढून मुख्य भूमीवर आणिलें. परंतु स्वदेशीं जाण्यास त्यांना १८८७ साल उजाडलें.

१८७९ सालीं इंग्रज सैन्य झूलू राज्यांत शिरलें आणि २२ जानेवारीस इसांडलवाना येथें त्याचा मोठा पराभव झाला. साऱ्या वसाहतींत शोक व संताप भरून राहिला असतां, मार्च महिन्यांत प्रार्थनेच्या खास दिवशीं कोलेन्सो सेंट पीटर्सच्या व्यासपीठावर चढले, आणि मीखा संदेष्ट्यानें न्याय, दया व नम्रता यांविषयीं जो उपदेश केला आहे तो घेऊन, या युद्धांत आपण यांपैकीं काय पाळलें, असा सवाल त्यांनीं मेलेल्यांच्या आप्तांसमक्ष केला. बायबल ईश्वराचें नाहीं असें म्हटल्याचा ज्यांच्यावर आरोप होता, त्यांनींच त्या दिवशीं बायबलाचा अर्थ खरा करून दाखविला. पुढें मुलगी हॅरिएट हिच्या मदतीनें ते सरकारी ‘ब्ल्यू बुकां’तील मजकुराची झडती घेत राहिले आणि तिचें फलित आपल्या छापखान्यांतून छापीत राहिले. पदभ्रष्ट झूलू राजा केच्वायो यांस केपमध्यें कैदेंत ते जाऊन भेटले; राजा १८८२ सालीं लंडनास गेला व १८८३ सालीं त्यास राज्याचा तुकडा परत मिळाला, यांत कोलेन्सो यांच्या खटपटीचा वांटा मोठा. २० जून १८८३ रोजीं कोलेन्सो वारले. त्यांचें दफन त्यांच्या चर्चमध्यें वेदीसमोर झालें. हॅरिएट यांनीं वडिलांचें काम पुढें अनेक वर्षें चालविलें. झूलू राजपुत्र दिनुझुलू यांच्यावरील खटल्यांत त्या बचावाच्या बाजूस उभ्या राहिल्या आणि १९३२ सालीं निवर्तल्या.

कोलेन्सो यांच्यांत उणें नव्हतें असें आम्ही म्हणत नाहीं. शेपस्टन यांच्या राज्यपद्धतीवर त्यांनीं फार वर्षें डोळे मिटून विश्वास ठेविला. राणीच्या राज्यांत शेवटीं न्याय होईलच ही त्यांची श्रद्धा अखेरपर्यंत गेली नाहीं. परराज्याच्या मुळाशींच अन्याय आहे हें त्यांनीं कधीं म्हटलें नाहीं. पांच पुस्तकांचे भाग शमुवेल व यिर्मया यांच्या पदरीं बांधण्याचा त्यांचा तर्क पुढील विद्वानांनीं सोडून दिला. परंतु तीं पुस्तकें अनेक काळच्या अनेक लेखकांचीं आहेत, हें त्यांचें मुख्य म्हणणें विद्यापीठांतून आतां सर्वसामान्य झालें आहे. आणि याजकवर्गाच्या विधींचा भाग पुनः तपासण्यास कोलेन्सो यांच्या ग्रंथानें आपणांस प्रवृत्त केलें, असें लायडनचे प्रख्यात पंडित कूनेन यांनीं मान्य केलें.

आमच्या मतें या चरित्राचें सार एकच आहे. धर्मग्रंथाची तपासणी आणि सरकारी दप्तराची तपासणी हीं दोन कामें नव्हत. एकाच संवयीचीं तीं दोन रूपें होत. आप्तवाक्य म्हणून जें समोर येतें तें, विचारणारा मनुष्य कितीही लहान असो, त्याच्या प्रश्नास उत्तर देण्यास बांधलेलें आहे, ही ती संवय. जो मनुष्य पोथींतील अशक्य गोष्ट निमूटपणें गिळण्यास शिकतो, तो उद्यां कचेरींतील खोटी जबानीही तितक्याच निमूटपणें गिळतो. आणि जो पोथीस न भितां पण आदरानें प्रश्न करतो, तोच अधिकाऱ्यासही प्रश्न करूं शकतो. आमच्याकडे रूढीच्या समर्थनार्थ वचनें फेंकणारे पुष्कळ आहेत. वचन कोणत्या ग्रंथांतील, कोणत्या काळचें, कोणाच्या हिताचें, हें विचारणारे थोडे आहेत. असा प्रश्न घरांतील सुनेनें, दुकानांतील गड्यानें किंवा शाळेंतील पोरानें विचारला, तर त्यास गप्प करण्यापूर्वीं आपणांस स्वतःस त्याचें उत्तर खरें वाटतें काय, एवढें प्रत्येकानें आपल्या मनाशीं पाहावें. तेवढें पाहिलें म्हणजे पुढचा रस्ता, कष्टाचा असला तरी, स्वच्छ दिसूं लागतो.